म्हातारपणी खाट कुठे टाकायची?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून नंतर लिहून काढले.)



समितीने आम्हाला ‘ज्येष्ठ नागरिकांच्या समस्या’ असा विषय दिला आहे. विषय चांगला आहे. पण समस्या म्हटलं की आपण चष्मा, बीपीची गोळी आणि एसटीचं तिकीट एवढ्यावर येऊन थांबतो. तिकिटाचं तर झालं. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. पण फुकट एसटीनं फिरून संध्याकाळी परत यायचं कुठं? ज्या घरात यायचं त्या घरात आपली खाट आहे का? आज आम्ही एवढंच बोलणार आहोत. म्हाताऱ्या माणसाची खाट कुठे टाकायची, आणि ती कुणाच्या जागेत आहे.

आम्ही सूतगिरणीतली माणसं. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही वाचन झालं ते तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा भाषेत चूक निघाली तर सांभाळून घ्यावं, हिशेबात निघाली तर जागेवर उभं राहून सांगावं.

आपल्या भागाची राहणी तुम्हाला वेगळी सांगायला नको. एमआयडीसी आली, कारखाने आले, आणि चिंचोळी काटी, कोंडी, पाकणी या गावांच्या कडेकडेनं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. त्यात नवरा-बायको, दोन लेकरं, गॅस, पाण्याची टाकी, टॉवेलची शिलाई करायचं मशीन आणि रात्री चोरीच्या भीतीनं आत घेतलेली मोटारसायकल. आता यात गावाकडनं आई-बाप आले. खाट टाकायची कुठं? खाट दारात जाते. पावसाळ्यात ती परत आत येते आणि मोटारसायकल भिजते, मग त्यावरून घरात शब्द होतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा पत्र्याखाली धडधाकट माणूस थांबत नाही, म्हातारं माणूस काय थांबणार.

त्यात मुलगा तिसऱ्या पाळीचा असला तर बघा. तो सकाळी सातला सुटतो, घरी येतो, अंघोळ करून झोपतो. त्याला झोप पाहिजेच. झोप झाली नाही तर रात्री मशीनमध्ये हात जाईल, हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणून बाप आठच्या सुमारास काठी घेऊन बाहेर पडतो. आधी लिंबाखाली, मग चहाच्या टपरीच्या बाकड्यावर, मग ऊन फिरलं की विहाराच्या पायरीवर. दुपारी चारपर्यंत. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. सून बिचारी डबासुद्धा आणून देते. पण आठ तास माणूस घराबाहेर आहे आणि लघवीला कुठं जावं हा त्याला पेच आहे, म्हणून तो पाणी पीत नाही. याला छळ म्हणता येत नाही, आणि सांभाळ म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

दुसरा प्रकार वाटणीचा. दोन किंवा तीन भाऊ असले की आई-बाप महिन्या-महिन्यानं वाटून घेतात. आम्ही गिरणीवाले याला आपसांत ‘तीन पाळ्या’ म्हणतो. पहिली पाळी थोरल्याकडे, दुसरी मधल्याकडे, तिसरी धाकट्याकडे. मशीन तीन पाळ्यांत चालतं कारण ते जागचं हलत नाही, माणसं बदलतात. इथं उलटं आहे. म्हातारीच गाठोडं घेऊन फिरते. तिचं रेशनकार्ड एका गावात, बँकेचं पासबुक दुसऱ्या गावात आणि गोळ्या तिसऱ्याच्या घरी विसरलेल्या. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी जेवण कुणी घालायचं, यावर भांडण झालेलं आम्ही मिटवलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे आईला एकाकडे आणि बापाला दुसऱ्याकडे ठेवायचं. चाळीस-चाळीस वर्षं एका चुलीवर काढलेल्या माणसांना सत्तरीत वेगळं करायचं, आणि त्याला ‘व्यवस्था’ म्हणायचं.

यात पोरं वाईट आहेत असं आम्ही सरसकट म्हणणार नाही. खोलीच दहा बाय बाराची आहे. एमआयडीसीकडून कारखान्याला प्लॉट मिळतो तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. त्याच कारखान्यात राबणाऱ्या माणसाला खोली मिळते ती ११ महिन्यांच्या करारावर. यंत्राला ९५ वर्षं आणि माणसाला ११ महिने, हा हिशेब ज्यानं त्यानं मनाशी करावा. कामाबरोबर मिळालेलं छप्पर कामाबरोबर जातं, हे सोलापूरला नवीन नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली. पुढं एकेक करून मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा पगार थांबला हे सगळ्यांनी बघितलं. म्हातारपणाचा आसरा त्याबरोबर गेला हे फार जणांच्या ध्यानात आलं नाही.

मुंबईचंही सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची, हे ठरून प्रत्यक्षात म्हाडाची पहिली सोडत निघाली ती जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. घर २२५ चौरस फुटांचं. म्हणजे संपात जो तिशीत होता तो किल्ली हातात घ्यायला साठीचा झाला. पुष्कळ ठिकाणी तो गेलेला होता आणि अर्ज वारसांनी भरलेला होता. घर मिळालं पाहिजे हे खरं, पण ते वेळेवर मिळालं पाहिजे.

आपल्या सोलापूरनं मात्र या बाबतीत एक मोठं काम करून दाखवलेलं आहे, आणि ते लाल बावट्याच्या लोकांनी केलं म्हणून आपण त्याचं नाव घ्यायचं टाळू नये. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. २००६ साली त्या वेळचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. त्यानंतर तिथंच असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५,००० घरांचा ताबा पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिला. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या युनियननं यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत चपला झिजवल्या. कुंभारी आपल्याला दूर आहे, शहराच्या पार पलीकडच्या अंगाला, अक्कलकोट रस्त्याला. इथं कामाला असलेल्या माणसाला तिथं राहणं परवडत नाही. पण तिथली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर घर झालं. २००६ ला जी चाळीस वर्षांची होती ती आज साठीची आहे, सासू आहे, आजी आहे. आम्ही तिकडं पाहुणे म्हणून जातो तेव्हा फरक दिसतो. घर तिचं आहे हे नातवालासुद्धा ठाऊक असतं. तिची खाट कुठं टाकायची हे तीच सांगते.

म्हणून आमचं म्हणणं एका वाक्यात असं आहे, की म्हातारपणी खाट आपल्या नावाच्या जागेत पाहिजे. लेकरं जवळ पाहिजेत, त्यांच्या घरची भाकरी पाहिजे, नातवंडं अंगावर खेळली पाहिजेत. पण उताऱ्यावरचं नाव आपलं पाहिजे.

आपल्यात नेमकं उलटं होतं. रमाई आवासमधून २६९ चौरस फुटांचं घरकुल झालेलं असतं, आई-बापाच्या नावावर. मुलाला कर्ज काढायचं असतं, वर खोली चढवायची असते. तो म्हणतो, बाबा, तुमचं आता काय राहिलंय, माझ्या नावावर करा. बाप ग्रामपंचायतीत जाऊन संमतीपत्रावर अंगठा देतो आणि नमुना आठच्या उताऱ्यावर नाव फिरवायला अर्ज जातो. घरकुल असं फिरवता येतं का, हे ग्रामसेवकाला विचारायचंसुद्धा कुणाला सुचत नाही. ज्यांची जागा रजिस्टर होते त्यांच्यासाठी तर रस्ता आणखी सोपा आहे. मुला-मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपयांचा लागतो, वरची फी वेगळी. सवलत चांगल्या हेतूनं दिली असेल. पण स्वस्त झालं म्हणून घाईही झाली.

तथागतांनी सिगालाला जो उपदेश केला त्यात मुलांनी आई-वडिलांसाठी करायची पाच कर्तव्यं आहेत, ती आपण विहारात नेहमी ऐकतो. त्याच जागी आई-वडिलांचीही पाच कर्तव्यं सांगितली आहेत. त्यातलं शेवटचं, योग्य वेळी वारसा मुलांच्या हवाली करणं. ‘योग्य वेळी’ या शब्दांवर आमची विहारात खूप चर्चा झाली. कुणी म्हणालं, मुलाचं लग्न झालं की. कुणी म्हणालं, नातू झाला की. आमचं मत असं पडलं, की मुलाच्या कर्जाचा हप्ता थकला ही काही योग्य वेळ नव्हे. आपले हातपाय चालतात आणि मुलगा गोड बोलतो, तेवढ्यावरून वेळ ठरवायची नसते.

आता कायदा. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. कायदा बारीक अक्षरात आहे, आम्ही जाड करून सांगतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात यांच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे. लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा त्यात येते, हे मुलींनी ऐकून ठेवावं. सांभाळत नसतील तर प्रांतसाहेबांकडे साधा अर्ज करायचा. वकील लावायची गरज कायद्यानं ठेवलेली नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी बांधून देता येते. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलेलं आहे. तरी खेटे घालावे लागतातच.

याच कायद्याचं २३ वं कलम लक्षात ठेवा. मला सांभाळशील, माझ्या गरजा बघशील, या अटीवर घर लिहून दिलं आणि नंतर मुलगा फिरला, तर ते देणं रद्द होऊ शकतं. पण अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की अट नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. पुढं २ जानेवारी २०२५ ला त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका आईच्या बाजूनं निकाल दिला आणि हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्याचा आहे, तो त्याच दृष्टीनं वाचला पाहिजे असं म्हटलं. निकालांचा कीस वकील पाडतील. आपण काय करायचं? घर द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात स्वच्छ मराठीत लिहून घ्यायचं, की आम्ही दोघं मरेपर्यंत याच घरात राहू आणि हा आमचं खाणं, कपडे, औषध बघेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही. मुद्रांक लागत नाही. आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. हा शेवटचा मुद्दा मुलांना कळला की घरातलं वागणं जरा सुधारतं, असा आमचा अनुभव आहे. हसू नका, खरं सांगतो.

आणखी एक. वारसाच्या बाबतीत आपल्या बौद्धांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. त्यात मुलगा मृत्युपत्र न करता वारला तर त्याची आई ही त्याच्या बायको-लेकरांच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस असते. बाप पहिल्या वर्गात नाही. कितीतरी आयांना हे माहीत नाही. जवान मुलगा अपघातात जातो, आणि दहाव्या दिवशी म्हातारी म्हणते, आता माझं इथं काय. तुझं आहे, बाई. पण याचा अर्थ विधवा सुनेच्या अंगावर जाऊन भांडायचं असाही नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेला सासरच्या घरातून सरसकट काढता येत नाही. दोघीही त्याच छपराखालच्या आहेत.

सुनेवरून आठवलं. संयुत्त निकायात एका म्हाताऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. चांगला धनवान माणूस. पण तथागतांकडे आला तो जाडंभरडं कापड गुंडाळून. विचारलं तर म्हणाला, चार मुलं आहेत, बायकांचं ऐकून त्यांनी मला घराबाहेर काढलं. ग्रंथात सगळा दोष सुनांवर टाकलेला आहे. आम्हाला ते पटत नाही. घर मुलांच्या हातात होतं, तर दार कुणी लावलं? असो. महत्त्वाचं पुढं आहे. तथागतांनी त्याला दान दिलं नाही, सहन कर म्हणून सांगितलं नाही, दुसरीकडे आसरा बघून दिला नाही. त्याला गाथा शिकवल्या आणि सांगितलं, गावाची सभा भरेल, तुझी मुलं तिथं बसलेली असतील, तेव्हा उभा राहून त्या म्हण. गाथांमध्ये काय, तर या मुलांपेक्षा हातातली काठी बरी, निदान द्वाड बैल आणि कुत्रं तरी हाकलते. त्यानं भर सभेत म्हटलं. मुलांनी बापाला घरी नेलं, अंघोळ घातली, एकेकानं नवी वस्त्रं दिली.

आमच्या लेखी ही गोष्ट म्हणजे घरातली लाज सभेत आणायची वाट आहे. आपली म्हातारी माणसं घरची अब्रू म्हणून गप्प बसतात. विहाराच्या पायरीवर बसतात, पण आत येऊन बोलत नाहीत.

पैशाचंही सांगतो, कारण पैसा नसला की बोलायला तोंड राहत नाही. पीएफच्या पेन्शनला २०१४ साली किमान १,००० रुपये ठरले. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून १,५०० झाले. पण श्रावणबाळला वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची. महिन्याला ते १,७५० पडतात. म्हणजे ज्याला १,८०० रुपये पेन्शन आहे तो श्रीमंत धरायचा. हे कुणी ठरवलं त्याला एकदा आपल्या कोंडीच्या बाजारात पिशवी देऊन पाठवला पाहिजे.

वृद्धाश्रमाबद्दल विचारतात. आम्ही वृद्धाश्रमाला शिवी मानत नाही. १९९५ साली राज्यानं मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. २००७ च्या कायद्यातही जिल्ह्याला निदान एक, १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा असं कलम आहे. ज्याला मागं-पुढं कुणी नाही, जिला घरात मार बसतो, तिच्यासाठी तो पाहिजेच. मागणीचं निवेदन आपणही द्यावं. पण ज्याचा मुलगा चार गल्ल्या पलीकडे राहतो त्याला तालुक्याबाहेर नेऊन ठेवायचं आम्हाला पटत नाही. सिंगापूरला २०१५ पासून एक योजना आहे. मुलानं आई-बापाबरोबर किंवा त्यांच्यापासून चार किलोमीटरच्या आत घर घेतलं तर सरकार त्याला अनुदान देतं. श्रीमंत देश आहे, तो पैसे देतो. पण विचार बघा. दार वेगळं, अंतर थोडं, हाक मारली तर माणूस आला पाहिजे. आपण भाड्यानं खोली बघतानाच आई-बापाची खोली त्याच रांगेत बघू शकतो. दोन भावांनी मिळून तिसऱ्या खोलीचं भाडं भरावं. तीन पाळ्यांपेक्षा ते स्वस्त पडतं, हिशेब करून बघा. आणि सरकारी योजनेत मजल्यावरचं घर लागलं तर गप्प बसू नका. प्रधानमंत्री आवासच्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांना आणि अपंगांना तळमजल्याला प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. लेखी मागा, पोच घ्या.

आता शेवटी जरा कडू बोलायचं आहे, समितीनं राग मानू नये. विहारासाठी यंदा कमानीची वर्गणी गोळा होते आहे. कमान झाली पाहिजे, आमचा विरोध नाही, आम्हीही पावती फाडली आहे. पण कमानीच्या आधी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खोली व्हावी, असा आमचा ठराव आहे. मोठी नको. सहा खाटा बसतील अशी. पत्रा नको, स्लॅब पाहिजे. एक पंखा, एक माठ, आणि उकिडवं बसावं लागणार नाही असा खुर्चीचा संडास, भिंतीला धरायला लोखंडी नळी. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच उघडी. ज्यांची मुलं तिसऱ्या पाळीत आहेत त्यांच्या आई-बापांनी दिवसा तिथं पाठ टेकावी आणि रात्री आपल्या घरी जावं. रात्री तिथं कुणालाही ठेवायचं नाही, ही अट आम्ही मुद्दाम घातली आहे. नाहीतर दोन वर्षांत लोक आई-बापाला विहाराच्या गळ्यात घालून मोकळे होतील.

काही जण म्हणतात, विहारात संडास कशाला, पावित्र्य जातं. ज्या शास्त्यानं आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुऊन काढलं त्याच्या विहाराचं पावित्र्य संडासानं कसं जाईल, हे आम्हाला कुणीतरी समजावून सांगावं.

बांधकामाला हात लावायला आमच्या खात्यातली अकरा माणसं तयार आहेत, सुट्टीच्या दिवशी, मजुरी न घेता. दोन गवंडी आपल्याच वस्तीतले आहेत. सिमेंट आणि सळई तेवढी समितीला द्यावी लागेल. ठराव येत्या पौर्णिमेच्या बैठकीत येणार आहे. त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी पायरीवर न बसता आत पुढं बसावं, आणि येताना आपल्या घराचा नमुना आठचा उतारा, नसेल तर घरपट्टीची पावती, बरोबर आणावी. नाव कुणाचं आहे ते एकेकाचं वाचून बघू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिला मंडळाच्या दोन मुली बसणार आहेत. आणि ज्येष्ठांसाठी सरकारचा १४५६७ हा फुकट फोन आहे, तो आकडा विहाराच्या फळ्यावर मोठा लिहून ठेवला आहे, तो तेवढा कुणी पुसू नका.

जयभीम.